चिंगीच्या गाडीचा हँडब्रेक

खरं सांगा, आजवर तुमच्या हातून किती जणांचं भलं त्यांना न विचारता झालंय? जरा आठवून बघा. आणि लगेच ‘छे, आम्ही नाही हो त्यातले’ म्हणून मान झटकू नका. मिस्त्रीसुद्धा अशीच झटकायचा.

मिस्त्री म्हणजे टायरवाल्यांच्या गल्लीतला, शेवटून दुसऱ्या गाळ्यातला. अंगाने असा काटकुळा की शर्ट त्याने घातलाय की खुंटीला अडकवलाय, ते लांबून कळायचं नाही. जीभ मात्र चांगली दणकट. इंजिनं उघडायच्या भानगडीत तो पडायचा नाही. त्याचं काम बसवण्याचं. दरवाजा चौकटीत बसत नाही, एका गाडीचा आरसा दुसऱ्या गाडीला लावायचाय, बुटक्या माणसाचा पाय क्लचला पोचत नाही, की गल्लीतले लोक म्हणायचे, मिस्त्रीकडे न्या. तो एक डोळा बारीक करून बघायचा, टाळूला जीभ लावून ‘टॉक’ असा आवाज काढायचा आणि पट्टी न लावता पत्रा कापायला घ्यायचा. पत्रा बसायचा. गिऱ्हाईक गाडी न्यायला आलं आणि त्याने बिचकत विचारलं, “काही राहिलं नाही ना हो?” तर उत्तर ठरलेलं. फडक्याने हात पुसत, त्याच्याकडे न बघता मिस्त्री म्हणायचा, “गाडीत दोष नाही. न्या.”

आयुष्यभर हेच. त्याची बायको सांगायची, “एकदा झोपेत हलवून विचारलं, अहो, दाराला कडी लावली का? तर म्हणतात कसे, गाडीत दोष नाही.” गल्ली या वाक्यावर पोट धरून हसायची आणि गाड्या त्याच्याकडेच आणायची.

चिंगी त्याची धाकटी बहीण. कागदोपत्री दुसरं नाव असेल, पण ते कोणाच्या तोंडात नव्हतं. आईबाप लवकर गेले, तेव्हा मिस्त्रीनेच तिचं सगळं केलं. शाळेची वेणी घालण्यापासून सगळं. वेणी कायम वाकडी असायची, पण घट्ट असायची. अंगाने चिंगी भावाच्या अगदी उलट. रुंद, भरदार, हसली की खाली खुर्ची करकरायची. लोक म्हणत, दोघांच्या वाटचं जेवण हिनेच खाल्लेलं दिसतंय. ती म्हणायची, “खाल्लंच आहे. दादाला जेवण नाही, कौतुक लागतं.”

तिला पहिली नोकरी मिस्त्रीनेच ओळखीने लावून दिली. डब्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात, प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या मशीनवर. प्रेसपुढे हात वाचवायला एक जाळी असते. त्या कारखान्यात ती काढून कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवलेली असायची, कारण जाळी लावली की कामाचा वेग उतरतो. एके दिवशी चिंगीच्या डाव्या हाताची दोन बोटं मधूनच गेली आणि अंगठा कायमचा ताठ झाला. दुसऱ्या दिवशी पाहणीला साहेब आले तेव्हा जाळी जागच्या जागी होती, पुसून लख्ख. ठपका कोणावर? पोरीवर. निष्काळजी म्हणे. हे वाचून ज्याच्या डोक्यात तिडीक जात नाही, त्याने पुढे वाचलं नाही तरी चालेल.

मिस्त्रीच्या मनात तेव्हापासून एक खिळा रुतून बसला. तिला तिथे आपण चिकटवलं. हे तो कधी बोलला नाही. त्याऐवजी तो तिच्या घरी जाऊन वस्तू दुरुस्त करायला लागला. डब्यांच्या झाकणांना जाड मुठी लावल्या, दाराची कडी उलट्या बाजूला फिरवली, नळाला हातभर लांब दांडा बसवला. चिंगी हसायची. म्हणायची, “दादा, उद्या माझ्या दातांनाही मूठ लावशील तू.” आणि नळ कोपराने उघडायची, पूर्वीसारखाच, त्याचा लांब दांडा बाजूला सारून. मिस्त्रीच्या हे कधी ध्यानात आलं नाही. त्याच्या बायकोच्या आलं होतं. पण नणंदेने डोळ्यानेच दाबलं, म्हणून तीही गप्प बसली.

बोटं गेल्यावर चिंगी रडत बसली असेल, असं तुम्हाला वाटलं का? ती गाडी शिकली. जुन्या गाड्या विकणाऱ्या एका माणसाच्या आवारात तिने काम धरलं. दिवसभर गाड्या आत घ्यायच्या, बाहेर काढायच्या, गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायच्या. दोन गाड्यांच्या मधे वर्तमानपत्र सरकणार नाही अशा बेताने ती गाडी लावायची. त्याच आवाराच्या कोपऱ्यात तिला ती सापडली. दोन सीटांची, जमिनीला टेकलेली स्पोर्ट्‌स कार. नाक फुटलेलं, काच गेलेली, आत मांजरीने पिल्लं घातलेली. मालक म्हणाला, “घेऊन जा बाई, जागा तरी मोकळी होईल.” मांजर आणि पिल्लं मालकाकडे ठेवून चिंगी गाडी ओढत भावाच्या गाळ्यात घेऊन आली.

पुढची कितीतरी वर्षं दोघांच्या सगळ्या सुट्ट्या त्या गाडीखाली गेल्या. भाऊ पत्रा ठोकायचा, बहीण इंजिनाशी भांडायची. शेजारच्या गाळ्यातला गादीवाला, म्हणजे गाड्यांच्या सीटा शिवणारा, येता-जाता टोमणे मारायचा आणि फुकटात टाके घालून द्यायचा. त्याने तिच्या मापाची सीट शिवली. दोन्ही बाजूंना उंच, भरलेल्या कुशी, बसणाऱ्याला वळणावर घट्ट धरून ठेवणाऱ्या. “बस गं,” तो म्हणायचा, “परत बस, परत ऊठ.” पंधरा वेळा तिला उठवलं-बसवलं असेल. चिंगी वैतागली. “सीट शिवतोयस की कवायत घेतोयस?”

हे सगळं कशासाठी? शहराबाहेर टेकडीच्या रस्त्यावर वर्षातून एकदा चढणीची शर्यत असते. एकेक गाडी सोडतात, घड्याळ लावतात. सुरुवातीची रेषा चढावरच आखलेली. गाडी रेषेवर आणायची, हँडब्रेक ओढून चढावर धरून ठेवायची, निशाण पडलं की ब्रेक सोडून सुसाट सुटायचं. निशाण पडायच्या आधी गाडी मागे सरकून रेषेबाहेर गेली की पाळी संपली. प्रत्येकाला चढायला एकदाच मिळतं. चिंगीला तिथे चढायचं होतं. ‘बिचारी’ हा शब्द तिने इतक्या जणांच्या तोंडून ऐकला होता की एकदा तरी लोकांनी आपल्याला बघून फक्त वेळ विचारावी, किती सेकंदात चढलीस, एवढंच तिला हवं होतं.

आता त्या गाडीचा हँडब्रेक कसा होता, ते ऐका. दोन सीटांच्या मधे, खाली जमिनीजवळ लपलेलं बारकं, सरळ हँडल. टोकाला चपटं बटण. धडधाकट माणसालाही तिथे हात घालायचा तर कमरेत वाकावं लागायचं. चिंगीने त्यावर आपली रीत बसवली होती. ती हँडल मुठीत धरायचीच नाही. तळवा त्याच्या खाली सरकवायचा, करंगळीकडच्या कडेने ते वर उचलायचं आणि ताठ अंगठ्याच्या बुंध्याने बटण दाबायचं. आवारामागच्या उतारावर रोज काम संपलं की ती हेच करायची. केसभर सोड, केसभर धर. शेवटी शेवटी ती गाडी उतारावर अशी धरायची की मागच्या चाकाखाली ठेवलेलं रिकामं काड्यापेटीचं खोकं चेपायचं नाही.

मिस्त्रीने ते एकदाच पाहिलं. त्याला काड्यापेटी दिसलीच नाही. त्याला फक्त वाकडा झालेला हात दिसला.

शर्यतीच्या आदल्या दिवशी कामावर निघताना चिंगी गाळ्यात डोकावली. “दादा, हँडब्रेकची केबल जरा ओढून दे. ढिली वाटतेय. बाकी कशाला हात लावू नकोस हं.”

“बरं.”

“बरं नाही, नीट ऐक. बाकी कशाला नाही.”

“अगं ऐकलं! जा आता, तुझा शेठ ओरडेल.”

केबल ओढायला कितीसा वेळ लागतो? ती झाली. मग मिस्त्री तिथेच त्या बारक्या हँडलकडे बघत बसला. इतकी वर्षं गाडीचा एकेक पत्रा आपण बसवला आणि नेमकी हीच वस्तू पोरीच्या हाताला बसत नाही, हे त्याला डाचायला लागलं. उद्या सगळ्या जगासमोर ती तसा वाकडा हात करून ते उचलणार. त्याने टाळूला जीभ लावली. टॉक.

त्याने हँडल काढलं. पुढचा भाग करवतीने कापला. मागचा दांडा गॅसच्या ज्योतीवर लाल करून सीटच्या बाजूला वाकवला, वर घेतला, म्हणजे वाकावं लागणार नाही. त्यावर नवी जाड मूठ चढवली. राहिलेल्या बोटांसाठी खोबणी कोरल्या आणि बटणाऐवजी तळव्याने दाबायची रुंद पट्टी लावली. बहिणीचा हात आपल्याला पाठ आहे, असं त्याला वाटत होतं. मूठ देखणी झाली होती, हे मान्य करायलाच हवं. घासून घासून त्याने ती अशी गुळगुळीत केली की हात फिरवत राहावंसं वाटावं. कापलेला तुकडा भंगाराच्या पिंपात गेला आणि पिंप त्याच दुपारी भंगारवाला घेऊन गेला.

गादीवाला चहाचा कप घेऊन आला. वाकून बघितलं. “हे काय काढलंस?”

“मूठ. चिंगीसाठी.”

“तिला विचारलंस?”

“विचारायचं काय त्यात? उद्या बघ तिचं तोंड कसं फुलतं.”

“अरे, पण एकदा तिला बसवून तरी बघ. सीट मी शिवलीय. रिकामी सीट वेगळी, माणूस बसलेली वेगळी. वजन पडलं की कूस बाहेर फुगते.”

“मी बसून बघितलं की. बोटभर जागा राहते.”

“तू?” गादीवाल्याला ठसका लागला. “तू बसलास काय आणि सीटवर टॉवेल वाळत घातला काय, सीटला कळतं तरी का रे?”

मिस्त्रीही हसला. पुन्हा सीटवर बसला आणि मूठ ओढून दाखवली. कट, कट, कट, कट, कट. ब्रेक धरणारे पाचही दाते लागले. मूठ आणि सीट यांच्या मधे खरंच बोटभर जागा राहिली. त्याच्या मापाने.

दुसऱ्या दिवशी गाडी ट्रकवर चढवून मिस्त्री आणि गादीवाला टेकडीखाली पोचले. चिंगी एका गिऱ्हाइकाची गाडी पोचवून थेट तिथे आली. अख्खी गल्ली लोटली होती. टायरवाले, रंगवाला, बॅटरीवाला, सगळे दोरीपलीकडे जागा धरून उभे. चिंगीने गाडीचं दार उघडलं आणि ती तशीच उभी राहिली.

“हे काय आहे?”

“मूठ. तुझ्या हाताची. धरून तर बघ!” मिस्त्रीचा चेहरा पेढे वाटायला निघाल्यासारखा.

“जुनं कुठाय?”

“भंगारात गेलं. कशाला हवंय ते?”

चिंगीने डोळे मिटले. “दादा, केबल ओढायला सांगितली होती रे.”

“ओढली ना. तीही ओढली.”

भोंग्यावर पुढच्या गाड्यांना बोलावणं आलं. वेळ नव्हता. ती आडवी-तिडवी आत बसली, सपाट जमिनीवर दोन-तीनदा मूठ ओढून पाहिली. ब्रेक लागला. भावाकडे बघितलं. तो हात चोळत उभा होता. मग ती म्हणाली, “छान झालीय मूठ.”

हे ती त्याचं मन राखायला म्हणाली. त्याला ते खरं वाटलं. इतकी वर्षं हेच तर चाललं होतं.

तिने शर्यतीचा जाड पोशाख चढवला, हेल्मेट घातलं, पट्टे आवळून घेतले. गाडी रेषेवर आली. मिस्त्री दोरीला पोट लावून उभा होता, तिच्या बाजूच्या खिडकीसमोरच. तिने मूठ ओढली. कट, कट, कट. आणि मूठ थांबली. पट्ट्यांनी आवळलेल्या तिच्या भरदार अंगाखाली सीटची कूस फुगून बाहेर आली होती आणि मूठ तिच्यात जाऊन रुतली. अजून दोन दाते हवे होते. तिने कोपर उचलून पुन्हा ओढली. मूठ हलेना. सवयीने तळवा खाली घालायला गेली, तर खाली हँडलच नव्हतं.

गाडी हळूच मागे सरकली. चिंगीने पाय ब्रेकवर टाकला, इंजिन गचका देऊन बंद पडलं, पण तोवर मागची चाकं रेषेपलीकडे गेली होती. निशाणवाला उडी मारून बाजूला झाला आणि बुडावर आपटला. लोक खदाखदा हसले. मागून कोणीतरी ओरडलं, “अहो, तिचा हात बघा! असल्यांना सोडतं कोण?”

मूठ कुठे अडकली, हे मिस्त्रीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. ओळखायला त्याला क्षणही लागला नाही.

पांढरी टोपी घातलेले पंच दोरीपाशी आले. “या गाडीचे मिस्त्री कोण?”

“मी.”

“गाडीत काही दोष होता का?”

आजूबाजूला अख्खी गल्ली. टायरवाले बघतायत, रंगवाला बघतोय. गाडीत चिंगीने हेल्मेटची काच वर केली आणि भावाकडे पाहिलं. हात जोडले नाहीत, खूण केली नाही. नुसती वाट पाहत राहिली.

मिस्त्रीने हात पुसले. हात स्वच्छच होते. आणि तो म्हणाला, “गाडीत दोष नाही.”

गादीवाल्याने त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की वळ उठला. “अरे गाढवा, बोल ना!” मिस्त्रीने दंड सोडवून घेतला. पंचांनी मान डोलावली आणि भोंग्यावर सांगितलं की चालकाला गाडी धरता आली नाही. चिंगीने काच खाली घेतली.

परतताना ट्रकमध्ये तिघं एका ओळीत बसले होते. गादीवाला मधे, बिचारा दोन्हीकडून आक्रसून. टेकडी मागे पडली. मग मिस्त्री म्हणाला, “दोन दाते कमी पडले. वाकवताना जरा आतल्या बाजूला...”

“दादा, मुठीचं राहू दे,” चिंगी खिडकीबाहेर बघत म्हणाली. “पंचांनी तुला विचारलं होतं.”

“चटकन तोंडातून निघून गेलं गं.”

“हं. प्रेसची पाहणी करणारा साहेबही असंच म्हणाला होता. मशीनमध्ये दोष नाही.”

गादीवाल्याने काही न सुचून स्वतःचं नाक शिंकरलं.

चिंगीने गाडी आवारात नेऊन उभी केली, वर ताडपत्री घातली. भावाकडे येणं-जाणं तिने तोडलं नाही. सुट्टीच्या दिवशी जेवायला यायची, वहिनीची थट्टा करायची, दादालाही दादाच म्हणायची. पण घरात काही मोडलं तर त्याला सांगायची नाही. एकदा तो सहज तिच्या घरी गेला, तेव्हा परका नळवाला ओट्यापाशी उभा होता. मिस्त्रीने लावलेला लांब दांडा काढून जमिनीवर ठेवलेला. “गळत होता,” ती म्हणाली. “चहा घेशील?” त्याने चहा घेतला आणि त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं की बहीण नळ कोपराने उघडते. किती सहज उघडते.

पुढच्या शर्यतीआधी नवे नियम लागले. दोन्ही हातांची पकड पुरी नसलेल्याला प्रवेश नाही, आणि ब्रेक कंपनीचाच हवा, बदललेला चालणार नाही. पहिला नियम कोणामुळे झाला, हे गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. निदान सगळ्यांना तसं वाटत होतं. “चिंगीच्या हातामुळे.” मिस्त्रीच्या गाळ्यात उभे राहून लोक त्याच्याच तोंडावर हळहळायचे. “वाईट झालं हो. पण हातच तसा, त्याला कोण काय करणार?” आणि मिस्त्री पाना फिरवत राहायचा.

एक दिवस बायकोने ताट पुढे ठेवता ठेवता तोंड उघडलं. “जगाच्या गाड्या बसवता. घरच्या माणसाला एकदा ‘बस गं’ म्हणायला काय झालं होतं?”

“चुकलो मी.”

“मला सांगून काय उपयोग? मी पंच आहे का?”

ताट तसंच टाकून तो उठला. पंचांची खोली एका दुकानाच्या माडीवर होती, भिंतीभर ढाली आणि धूळ. मिस्त्रीने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मूठ, सीट, कापलेलं हँडल, सगळं. पंचांनी चष्मा काढला.

“हे तुम्ही तेव्हा दोरीपाशी का बोलला नाहीत?”

मिस्त्री भिंतीवरच्या ढालींकडे बघू लागला.

“अहो, गाडीत दोष निघाला तर पुन्हा चढण द्यायची, हा आमचा पहिल्यापासूनचा नियम. त्या दिवशी सकाळीच भोंग्यावर सांगितलं होतं. फक्त ते गाडीच्या मिस्त्रीने तिथल्या तिथे सांगावं लागतं. म्हणून तर मी चालत आलो तुमच्यापर्यंत!”

मिस्त्रीने ते ऐकलं नव्हतं. सकाळी तो मुठीला शेवटचं पॉलिश करत होता. चिंगीला हा नियम आधीपासून ठाऊक असणार. काच वर करून ती नुसती बघत होती, ते यासाठी. एक शब्द पुरला असता. ‘आहे’ एवढा एकच.

“आता?” त्याने विचारलं.

“आता तुम्ही तिचे भाऊ. तुमच्या म्हणण्याला किंमत काय? कंपनीचं मूळ हँडल लावा. तिने चढावर गाडी धरून दाखवावी, मी स्वतः शेजारी उभा राहीन. जमलं, तर पकडीचा नियम काढायचा विषय मी मांडतो. नाहीतर तो तसाच राहील. तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या सगळ्यांसाठी.”

मिस्त्री हे घेऊन बहिणीकडे धावला. वाटलं होतं, तिला बरं वाटेल. चिंगीने ऐकून घेतलं आणि तिचा आवाज चढला.

“म्हणजे? चुकलास तू आणि परीक्षा माझी?”

“तसं नाही गं...”

“तसंच आहे! तेव्हा कारखान्यातही मीच हात दाखवत फिरले, साहेबाला, डॉक्टरला, सगळ्यांना. आता पंचांना दाखवू?” ती खोलीत दोन फेऱ्या मारून आली. मग थकल्यासारखी बसली. “अजून कोणाकोणाला अडवलं या नियमाने?”

“दोघा-तिघांना. एक तर पाय नसलेला आहे, हात दोन्ही धड. त्यालाही नाही म्हणाले, नियम आहे म्हणून.”

तिने डावा हात उलटासुलटा करून पाहिला. “हँडल आण आधी. मूळचं. मग ठरवीन मी. मी ठरवीन, कळलं?”

“कळलं.”

तेव्हापासून मिस्त्री हँडल शोधतोय. तो भंगारवाला कधीच दुसऱ्या भागात निघून गेला. ती गाडी कंपनीने बनवायची थांबवून जमाना झाला. भंगाराच्या बाजारात तो गुडघ्यावर बसून ढिगाऱ्यात हात घालतो, लोक हसतात. “काय मिस्त्री, घरच्या घरी एक बनवून टाका की, तुम्हाला काय अवघड!” एकेकाळी या कौतुकाने तो फुगला असता. आता मान खाली घालून पुढच्या ढिगाकडे जातो. गाळ्यात कोणी गाडी न्यायला आलं आणि काही राहिलं का विचारलं, तर म्हणतो, “बसून बघा. मग तुम्हीच सांगा.” काही जुनी गिऱ्हाइकं त्यामुळे तुटली. म्हणतात, मिस्त्रीचा हात गेला. जाऊ देत.

चिंगीची ताडपत्री अजून उतरलेली नाही. टेकडीवर दर वर्षी गाड्या चढतात.

म्हणून तुम्हाला एक विनंती. तुमच्या आवारात, ओळखीच्या गॅरेजात, गावाबाहेरच्या एखाद्या गोदामात ती बसकी, दोन सीटांची, मागे दिव्यांच्या जागी दोन गोल खड्डे असलेली स्पोर्ट्‌स कार गंजत पडली असेल, तर तिच्या दोन सीटांच्या मधे वाकून बघा. काळं, सरळ, बोटभर जाडीचं हँडल असेल, टोकाला चपटं बटण. मिळालं तर टायरवाल्यांच्या गल्लीत शेवटून दुसऱ्या गाळ्यापाशी या. मिस्त्रीच्या हातात देऊ नका, असं मिस्त्रीनेच सांगितलंय. शेजारच्या गादीवाल्याला म्हणा, चिंगीला बोलाव, आणि तिच्याच हातात द्या. आणि एवढं करा, वाटेत ते पुसू नका, घासू नका, तेल लावू नका, सरळ-वाकडं करू नका. आहे तसं द्या.